जंताचं तोंड समोरून बघताना

नमस्कार, श्रोतेहो. प्राणिशास्त्र आणि पशुवैद्यक शिकणाऱ्या नागपूरच्या मुलामुलींनो, आज बोलू या जंतांच्या तोंडाबद्दल.

नुसत्या डोळ्यांना अंकुशकृमी म्हणजे पांढुरका दोरा. जात कळते ती तोंडावरून. माणसातल्या अंकायलोस्टोमा ड्युओडिनेलला दातांच्या दोन जोड्या, माणसातल्याच दुसऱ्या अंकुशकृमीला, नेकेटरला, दातांऐवजी धारदार पट्ट्या, कुत्र्यातल्या अंकायलोस्टोमा कॅनायनमला दातांच्या तीन जोड्या. यांचं डोकं पाठीकडे वाकलेलं असतं, म्हणून कापू नका. लॅक्टोफिनॉल या द्रावणात पारदर्शक करा, कव्हरस्लिप म्हणजे वरची पातळ काच हलकेच सरकवत जंत लोळवा आणि पाठ वर आली की थांबा. फिनॉल २० ग्रॅम, लॅक्टिक आम्ल २०, ग्लिसरीन ४० आणि पाणी २० मिलिलिटर, हे त्याचं प्रमाण. फिनॉलनं कातडी भाजते, हातमोजे हवेतच.

खरं कसब लागतं ते ओठ समोरून बघायला. सरावाला गावठी कोंबडीच्या आतड्यातला ॲस्कॅरिडिया गॅली घ्या. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात धुऊन तो ६०–६५ अंशांच्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये सोडा. अल्कोहोल गरम पाण्यात भांडं ठेवूनच तापवा, थेट जाळावर कधीच नाही. थंड अल्कोहोलमध्ये जंत आकसतो, वेटोळं करतो आणि ओठ मिटतात.

आता नवं ब्लेड घ्या. ओठांच्या जरा मागे, एकाच दाबात सरळ काप द्या. तुकड्याची जाडी डोक्याच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी हवी. जास्त झाली की तो आडवा पडतो. काप तिरका गेला तर एक ओठ मोठा दिसतो आणि बघणारा फसतो. ग्लिसरीन जेलीच्या कोमट थेंबात काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं तुकडा उभा करा, ओठ वर. कव्हरस्लिपखाली काचेचे बारीक तुकडे टेकू द्या, नाहीतर डोकं चेपतं. तोंडात काळं गोल वर्तुळ दिसलं तर तो हवेचा बुडबुडा आहे. त्याला अवयव समजू नका.

नीट जमलं की तीन ओठ आणि मधोमध तीन फाट्यांची फट दिसते. ज्या ओठावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक उंचवटा, तो पाठीकडचा. दिशा त्यावरूनच ठरवा, मगच चित्र काढा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. त्या उन्हाळ्यात जेली मऊ पडते आणि उभं केलेलं डोकं कलंडतं. म्हणून स्लाइडच्या कडा नेलपॉलिशनं बंद करा, स्लाइड आडवी ठेवा आणि चित्र त्याच दिवशी पूर्ण करा.