भुईरिंगणीजवळची दहा मिनिटं

(दृश्य : वाळलेला माळ, मागे नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी)

मार्चची सकाळ, साडेसात. फुललेल्या पळसाखालून हे सहा स्वयंसेवक खाली बघत चाललेत, फुलांवर येणारे कीटक मोजायला. त्यांना भुईरिंगणी हवी आहे. जमिनीला चिकटून पसरलेली, पानापानावर काटे असलेली.

सापडली. आता कामट्यांची चौकट ठेवायची, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. आतली उमललेली फुलं आधी मोजायची, मग दहा मिनिटं हलायचं नाही. आपली सावली फुलावर पडू द्यायची नाही. जो कीटक फुलावर बसला, तोच मोजायचा; वरून गेला तो नाही. ओळख पटली नाही तर 'लहान काळी माशी' एवढंच लिहायचं. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

(दृश्य : फूल जवळून. आवाज वाढवा.)

ऐका. पोटावर निळे पट्टे असलेली ही अमेजिला, मधमाशीच्या कुळातली, आपल्याच मातीतली माशी. भुईरिंगणीचे पराग पिवळ्या नळ्यांत बंद असतात, टोकाला फक्त बारीक छिद्र. माशी नळ्यांना घट्ट धरते, पंख मिटते आणि छातीचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा थरथरवते. उडतानाच्या गुणगुणीपेक्षा हा सूर चढा. पराग पोटावर सांडतात. पोळ्यातल्या मधमाश्यांना ही युक्ती जमत नाही.

वांगी आणि टमाटरची फुलंही याच घडणीची. वावरात या माशीचं काम किती मोलाचं, ते यावरून समजावं.

(दृश्य : रुईवर काळा भुंगा)

रुईवर भुंगा. इथे पराग सुटे नसतात, जोडीजोडीने बांधलेल्या इवल्या पिशव्या असतात. त्या भुंग्याच्या अंगाला अडकून पुढच्या फुलाकडे जातात.

(दृश्य : मातीचा बांध, त्यातली भोकं)

आणि हा बांध. ही भोकं मुंग्यांची नाहीत. अमेजिलाची प्रत्येक मादी एकटीच बीळ खणते आणि आत पिल्लांसाठी पराग साठवते. राणी नाही, पोळं नाही; उघडी माती मात्र हवीच. तिच्यावर गट्टू बसले की घर गेलं. म्हणून स्वयंसेवक बांधाचीही नोंद ठेवतात, भोकं मोजून.

(दृश्य : संध्याकाळ, वाळकी काडी)

नरांना बीळ नसतं. अंधार पडताना ते जबड्याने काडी धरतात आणि तसेच झोपतात, रांगेने.

वहीत आजची शेवटची ओळ : वाळकी काडी, अमेजिला नर, नऊ. वेळ सहा चाळीस.