इंजिन बांधले, पण गाडी ओढत नाही

मित्रहो, इंजिनाचे पूर्ण काम करून घेतलेली गाडी गॅरेजमधून बाहेर पडते, तेव्हा एवढा पैसा घातला म्हणजे गाडी आता पळालीच पाहिजे, असा हिशेब मालकाने मनाशी मांडलेला असतो. आठ दिवसांनी तो परत येतो आणि सांगतो, की धूर नाही, आवाजही छान आहे, पण गाडी ओढत नाही. आजचे बोलणे या एका तक्रारीविषयी आहे. उदाहरण म्हणून मी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी घेतो. मुंबईच्या टॅक्सीतून ती २०२३ साली निवृत्त झाली असली, तरी हौशी मंडळींनी ती अजून जपली आहे. शिवाय तिच्या इंजिनात संगणक नसल्यामुळे प्रत्येक दोष हाताने तपासता येतो.

बांधलेले इंजिन म्हणजे नवे इंजिन नव्हे. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे नवी असतात. पण डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग), कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), पेट्रोल पंप आणि सायलेन्सर बहुधा जुनेच परत चढवलेले असतात. बोरिंगने, म्हणजे सिलिंडर कापून रुंद केल्याने, ताकद वाढते हाही एक लाडका गैरसमज आहे. पद्मिनीचा बोर (सिलिंडरची रुंदी) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ आणि क्षमता १०८९ सीसी; बोर ०.४ मिलिमीटरने वाढवला, तर ती क्षमता ११०२ च्या आसपास जाते. १३ सीसींनी घाट चढत नाहीत.

बॉनेट उघडण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सपाट जागी हाताने ढकलून पाहावी. इंजिनाच्या कामासाठी गाडी दोन-तीन महिने उभी राहते आणि तेवढ्यात चाकांतले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर गंजून ब्रेक धरून बसतात. अशा गाडीचे इंजिन कितीही निर्दोष असले, तरी त्याची निम्मी मेहनत ड्रम तापवण्यात जाते.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब गेजने मोजणे. इंजिन गरम हवे, बॅटरी भरलेली हवी, चारही प्लग बाहेर हवेत आणि ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबलेला हवा. हे शेवटचे विसरले, की चारही आकडे उगाच कमी येतात आणि लेथवाल्याला नाहक शिव्या पडतात. चार सिलिंडरांमधला फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत असावा. एखाद्याचा आकडा कमी आला, तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर गळती रिंगांकडून आहे, जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारचे दोन सिलिंडर मिळून कमी दाखवत असतील, तर त्यांच्या मधल्या पट्टीवर हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉक यांमधले पॅकिंग) फुंकते आहे असे धरून चालावे.

मात्र चारही आकडे सारखेच कमी असतील आणि ऑइल सोडूनही चढत नसतील, तर माझा हात टायमिंग चेनच्या झाकणाकडे जातो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हा पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशी या चेनने जोडलेला असतो आणि क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅमच्या चक्राला ३६ दाते धरले, तर चेन एक दात चुकणे म्हणजे कॅमचे १० अंश आणि क्रँकचे तब्बल २० अंश चुकणे होय. कॅम मागे राहिला, तर गाडी खालच्या वेगात मरगळलेली असते आणि वर गेल्यावर थोडी सुधारते. पुढे गेला, तर खाली बरी ओढते आणि वर दम सोडते. अशा वेळी डिस्ट्रिब्यूटर फिरवून पिकअप आणण्याचा मोह होतो. थोडा पिकअप येतोही; पण मूळ चूक झाकली जाते आणि चढावर इंजिन ठोके देऊ लागते. माझ्या मते बांधलेल्या इंजिनांचे सर्वाधिक नुकसान या झाकपाकीनेच होते.

टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीपाशी सोडलेल्या बारीक अंतराच्या, बाबतीत ‘केव्हा’ हा प्रश्न विचारावा. गाडी थंड असताना उत्तम चालते आणि गरम झाल्यावर ढेपाळते, असे मालक सांगत असेल, तर टॅपेट आवळले गेले असण्याची शक्यता मोठी. सीट घासल्याने व्हॉल्व्ह आत बसतो आणि त्याची दांडी वर येते. हेड घासून प्लेन केले, तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) कॅमच्या जवळ येतो. दोन्हींनी अंतर कमीच होते, म्हणून जुन्या सेटिंगवर विसंबून चालत नाही.

इंजिन हवा किती जोराने ओढते ते दाखवणारे व्हॅक्यूम गेज हे स्वस्त आणि दुर्लक्षित हत्यार आहे. समुद्रसपाटीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर हवा; महाबळेश्वरात तोच चार-पाच इंच खाली दिसेल आणि तो दोष नव्हे. इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर धरले असता काटा हळूहळू उतरत गेला, तर धुराचा मार्ग तुंबला आहे असे समजावे. उमेदवारीच्या काळात मी एका गाडीचा कार्बोरेटर तीनदा उतरवला होता. शेवटी एक्झॉस्ट पाइपातून चिंधी निघाली, आणि धूळ जाऊ नये म्हणून ती मीच कोंबली होती.

इग्निशनमध्ये सिलिंडर पेटण्याचा १-३-४-२ हा क्रम, डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचे अंतर आणि वेगासोबत ठिणगी पुढे सरकवणारी आतली वजने पाहावीत. वजने गंजून अडकली, तर ठिणगीचे टायमिंग आयडलवर बरोबर दिसते आणि वेग वाढला तरी पुढे सरकत नाही. कार्बोरेटरचा क्रम सर्वांत शेवटी, कारण आधीच्या प्रत्येक दोषाचे सोंग तो हुबेहूब घेतो. पद्मिनीचा पेट्रोल पंप कॅमवर चालतो. त्याखाली जाड पॅकिंग घातले गेले, तर लिव्हरचा झोका कमी पडतो आणि गाडी नेमकी चढावर पेट्रोलसाठी तडफडते.

हे सारे ठीक असूनही गाडी थोडी जड वाटत असेल, तर रिंगा अजून बसायच्या आहेत. नवे इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवण्याची आपल्याकडची पद्धत मला मान्य नाही. भार नसला, तर रिंगा भिंतीला नीट दाबल्या जात नाहीत आणि भिंत चकाकून गुळगुळीत होते. गाडी रस्त्यावर काढावी, मध्यम भार द्यावा, मध्येच सोडावा, पुन्हा द्यावा. ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदलावे, इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत आणि त्याच बैठकीत टॅपेटही पुन्हा लावावेत, कारण गॅसकेट दबले की ते अंतर पुन्हा बदललेले असते.