ठाण्याच्या राज्यातलं अंबरनाथ
(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी ठाण्यात बोलायचं, तर सुरुवात ठाण्यापासूनच करायला हवी. हे देऊळ बांधणारे उत्तर कोकणचे शिलाहार याच गावातून राज्य करायचे. त्यांच्या लेखांत आपलं ठाणे ‘स्थानक’ या नावाने येतं. मासुंदा तलावाची, कोपिनेश्वराची अभिमानाने ओळख करून देणाऱ्या ठाणेकराला मुम्मुणी राजाचं नाव विचारलं तर आठवत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या शिलाहार घराण्यातल्या वज्जडदेवाचे तीन मुलगे एकामागून एक गादीवर आले: छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी. छित्तराजाचा शक ९४८ चा, म्हणजे इ.स. १०२६ चा ताम्रपट भांडुपला सापडला. अंबरनाथच्या देवळाचं काम त्याच्या काळात सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात पुरं झालं, असं साधारणपणे मानतात. मंदिराच्या उत्तर दाराच्या तुळईवर आतल्या बाजूला एक शिलालेख आहे. त्यात मुम्मुणीचं ‘माम्वाणि’ असं नाव येतं, त्याच्या अधिकाऱ्यांची नावं येतात आणि वर्षही येतं.

या वर्षावर जरा थांबू. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी हा लेख वाचला, तेव्हा आकडा लागला शक ७८२, म्हणजे इ.स. ८६०. अक्षरं झिजलेली होती आणि लेख दाराच्या वर, अडचणीच्या जागी. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच आकडा ९८२ असा वाचला. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं! शक ७८२ धरलं, तर आपण राष्ट्रकूट सम्राटांचा मांडलिक असलेल्या, याच घराण्यातल्या दुसऱ्या कपर्दी राजाच्या काळात जातो. त्याच्या काळातले लेख आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. तिथे मुम्मुणी बसणारच नाही. ९८२ धरलं, की भांडुपचा ताम्रपट, तिघे भाऊ आणि देवळाची घडण एका रांगेत येतात. म्हणून आज आपण इ.स. १०६० म्हणतो. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं’ ही गोष्ट तिथे अजून ऐकू येते. आजीने नातवाला ती जरूर सांगावी. पण वर्ष दगडावर कोरलेलं असताना मोठ्यांनी तेही सांगावं.

आता प्रत्यक्ष देवळाकडे येऊ. देऊळ पश्चिमाभिमुख, वालधुनी नदीच्या काठी, आपल्या काळ्या पाषाणाचं. मंडपाला तीन बाजूंनी दारं. शिखर भूमिज पद्धतीचं: चार बाजूंनी नक्षीच्या लता तळापासून वर चढतात आणि मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक येतात. सिन्नरचा गोंदेश्वर पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज नाही. पण उरलेल्या लतांवरची जाळी जवळून पाहा. बेसॉल्टसारख्या चिवट दगडात इतकं नाजूक काम करणाऱ्या हातांपुढे मी तरी नतमस्तक होतो.

मंडपातून गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. शिवलिंग जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला या अरुंद पायऱ्यांवर हातात बेल आणि दुधाचा तांब्या घेतलेली माणसं एकमेकांना सांभाळत उतरतात. महाशिवरात्रीची जत्रा तर सगळ्या पंचक्रोशीची. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आणि रोज पूजा होणारं जागृत देवस्थान, अशी दोन्ही नाती या देवळाला आहेत. मला दोन्ही तितकीच खरी वाटतात.

तरीही एक विनंती. दर्शन घेऊन तसेच रिक्षाकडे वळू नका. बाहेरून सावकाश एक प्रदक्षिणा घाला. ही भिंत सरळ कुठे नाहीच. सगळे कोन, सगळे कंगोरे, आणि प्रत्येक कंगोऱ्यावर कोणीतरी उभं आहे. गजासुराला मारून त्याचं कातडं डोक्यावर ताणून धरलेला शिव शोधा. हाडं वर आलेली, पोट खपाटीला गेलेली काली शोधा. ब्रह्मदेव शोधा. शिवाच्या देवळात तो इतक्या मानाने का कोरला असेल, हा प्रश्न घेऊन घरी जा.

१८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी इथल्या शिल्पांचे साचे घेतले, नकाशे काढले. दीडशे वर्षांपूर्वी एवढी कळकळ होती. आज शेजारची वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळी पडली आहे. नदीकाठ पाहून बांधलेल्या देवळाची नदीच आपण घालवली, आणि नदी वाचवण्याची मागणी अंबरनाथ-उल्हासनगरकरांइतकीच ठाणेकरांनीही करायला हवी, कारण हे देऊळ आपल्याच राजधानीने बांधलं आहे.

जायचं असेल तर थंडीतल्या एखाद्या साध्या दिवशी, दुपार कलताना जा. तेव्हा दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींवर तिरकं ऊन पडतं आणि झिजलेले चेहरेसुद्धा उठून दिसतात. अंबरनाथ किंवा बदलापूर लोकल पकडा, स्टेशनच्या पूर्वेला उतरा आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘शिवमंदिर’ म्हणा.