पीएसए पुन्हा वाढलाय, पण कॅन्सर आहे कुठं?

नमस्कार मंडळी! कोल्हापुरातून आज थेट विषयालाच हात घालतो.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, काका ठणठणीत आहेत, रोज सकाळी रंकाळ्यावर फेरी चालू आहे. आणि रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन) येतो ०.३. लॅबच्या कागदावर '४ पर्यंत नॉर्मल' छापलेलं, म्हणून घरचे निवांत! अहो, तो ४ चा आकडा प्रोस्टेटची ग्रंथी जागेवर असलेल्यांसाठी. ग्रंथी पूर्ण काढल्यावर आकडा जवळपास शून्यावर यायला पाहिजे. लागोपाठ दोनदा ०.२ किंवा त्याच्या वर गेला, तर आजार परतल्याची शंका धरतात. ऑपरेशन न करता फक्त शेक (रेडिएशन) घेतलेल्यांचा हिशोब वेगळा: उपचारानंतरचा सगळ्यात कमी आकडा घ्यायचा आणि त्यात २ मिळवायचे.

आता अडचण बघा. गुळाचा वास तर येतोय, पण गुऱ्हाळ कुणाच्या शिवारात चाललंय ते दिसत नाही. इतक्या कमी पीएसएला साधा सीटी आणि हाडांचा स्कॅन बहुतेकदा कोरेच येतात.

इथं कामाला येतो पीएसएमए पेट स्कॅन. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणारं, थोडं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, तासाभरानं स्कॅन घेतात. जिथं औषध साठलं, तिथं ठिपका चमकतो, मग ती छोटी लसीकाग्रंथी असो नाहीतर हाड. लाळग्रंथी आणि किडन्याही चमकतात. ते नेहमीचंच, फोटो बघून दचकू नका.

हे औषध बऱ्याचदा गॅलियम-६८ चं असतं आणि ते दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. म्हणजे साठवून ठेवायची सोयच नाही. पुण्याची वेळ मिळाली असेल तर खंबाटकी घाटातला ट्रॅफिक धरूनच निघा!

पण स्कॅन कोरा आला म्हणून पेढे वाटू नका. २०१९ साली छापून आलेल्या ६३५ रुग्णांच्या अभ्यासात पीएसए ०.५ च्या खाली असताना शंभरातल्या ३८ जणांतच काही सापडलं. ५ च्या वर ९७ जणांत. मग आकडा वाढू देऊ आणि नंतर स्कॅन करू? हा विचार मला धोक्याचा वाटतो. ऑपरेशननंतरचा शेक पीएसए कमी असतानाच जास्त लागू पडतो. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तरी डॉक्टर शेक सुचवू शकतात, त्याचं नवल वाटून घेऊ नका.

उलटंही होतं. बरगडीवरचा एखादा फिकट ठिपका कॅन्सर नसूही शकतो. तेवढ्यावरून 'हाडात पसरलं' असं घरात जाहीर करू नका.

जाताना पीएसएचे सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल तर आधीच सांगा, त्यानं स्कॅनमध्ये फरक पडतो. उपाशी राहायची सहसा गरज नसते. पाणी भरपूर प्या, आणि टेबलावर झोपायच्या आधी लघवीला जाऊन या, नाहीतर भरलेल्या मूत्राशयाच्या चमकेत शेजारचा बारका ठिपका झाकला जातो.