नाटक सुटल्यावर

(दादर पश्चिम, संध्याकाळचे साडेसहा. प्लाझासमोरचा फुटपाथ. माणसांच्या डोक्यांवरून दिसणारे नाटकांचे फलक.)

माझी भाची नागपूरहून पहिल्यांदा मुंबईला आली, तेव्हा डोंबिवली स्टेशनवर बॅग खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "मावशी, मला इथली नाईटलाइफ दाखवशील ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला आणून उभं केलं दादरच्या शिवाजी मंदिरासमोर. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण मी तिला फसवलं नव्हतं. आम्हा लोकलवाल्यांची रात्र दोनच घड्याळांवर चालते. एक, साडेआठच्या प्रयोगाची तिसरी घंटा. दुसरं, शेवटची गाडी. मध्ये उरतात चार तास. त्या चार तासांत काय बघायचं, काय खायचं आणि कुठे फिरकायचं नाही, एवढंच मी सांगू शकते. रूफटॉपवरच्या निळ्या दिव्यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत.

(उपाहारगृहाचं टेबल. स्टीलचा पेला, त्यात पिवळसर पियूष.)

पहिला नियम असा की नाटकाआधी अर्धंच पोट भरायचं. हा नियम मी अनुभवातून शिकले. रविवारी दुपारचा प्रयोग होता, आणि त्याआधी आम्ही दादरमध्येच सुरमईची थाळी, वर दोन वाट्या सोलकढी असं रीतसर जेवलो. मग पहिल्या अंकात झोपलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली म्हणावं, तर त्यातली एक मीच होते.

म्हणून संध्याकाळी हलकं. गोखले रोडवर 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष ही चीज दादर-गिरगावच्या बाहेर समजावून सांगावी लागते. श्रीखंड पातळ करून प्यायला दिलंय असं समजा, जायफळाचा वास लागलेलं. भाची म्हणाली, "हे पिऊ की खाऊ?" योग्य प्रश्न.

नाहीतर शिवसेना भवनासमोर 'आस्वाद'. इथल्या मिसळीला 2015 साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं होतं. तेव्हा कोल्हापूर, नाशिक आणि पुणे या तिन्ही गावांच्या भुवया एकदम वर गेल्या असणार. माझं मत विचाराल तर ही मिसळ बेताच्या तिखटाची, घरगुती वळणाची आहे, आणि नाटकाआधी नेमकी तीच हवी. नागपूरच्या मुलीचा निकाल मात्र वेगळा आला. "मावशी, याच्यात तर्री कुठेय?" तर्री पोह्यांवर वाढलेल्या जिभेपुढे मी वाद घातला नाही.

(शिवाजी मंदिरची तिकीट खिडकी. मग नाट्यगृहाचा जिना, गर्दी, गजरे.)

शिवाजी मंदिर 1965 सालचं. आता ऑनलाइन तिकिटं निघतात, तरी मी खिडकीवर जाते. तिथे खुर्च्यांचा प्लॅन समोर असतो, खांब कुठे आड येतो ते कळतं, आणि आपल्या आधीच्या काकू कुठलं नाटक 'पडलं' म्हणतायत तेही कानावर पडतं. याहून खरी परीक्षणं मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत. कुठलं नाटक बघावं हे मी सांगणार नाही. हा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोहोचेतो ते थांबलेलंही असेल. एवढंच सांगते, की शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान आधी उघडा. कुठल्या नाट्यगृहात किती वाजता काय आहे, ते एका नजरेत दिसतं.

पहिली घंटा होते. दुसरी होते. तिसऱ्या घंटेला दिवे मंदावतात आणि मागून एक आवाज येतो, "मोबाइल बंद करा." तरी तिसऱ्या रांगेत कुणाचा तरी वाजतोच. तोही आता प्रयोगाचा भाग झालाय.

मध्यंतरात उठून सरळ वड्याकडे. शिवाजी मंदिरचा बटाटेवडा हा नाटकाचा मधला अंक आहे. माणसं दहा मिनिटांत गरम वडा, गरम चहा आणि नायिकेच्या वागण्यावरची चर्चा असं सगळं उरकतात. भाचीला पहिल्यांदा तिथे ही जागा आवडली. "एवढी भांडतात लोकं नाटकावरून?" तिनं विचारलं. भांडतात. वडा हातात असला की जास्तच.

वड्यावरूनच आठवलं. स्टेशनकडे जाताना छबिलदास गल्ली लागते. तिथे 'श्रीकृष्ण'चा वडा खायला आजही रांग असते. त्याच गल्लीतल्या शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं प्रायोगिक नाटकं उभी केली. ना भारी पडदे, ना मखमली खुर्च्या, फक्त शाळेचा हॉल. मराठी, हिंदी, इंग्रजी रंगभूमीवर पुढे नाव काढलेली कितीतरी माणसं त्या हॉलमध्ये घाम गाळून गेली. आता तिथे बघण्यासारखं काही नाही. वडा खाताना वर एकदा नजर टाका, बस.

त्या जातीचं काही आज बघायचं असेल तर जुहूचं 'पृथ्वी' थिएटर. 1978 साली शशी कपूर आणि जेनिफर यांनी ते उभं केलं. जेमतेम दोनशे माणसं बसतील एवढं, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक, नट हाताच्या अंतरावर. तिसऱ्या घंटेनंतर आत सोडत नाहीत, मग तुम्ही नागपूरहून आला असाल नाहीतर न्यूयॉर्कहून. बाहेरच्या कॅफेत सुलेमानी चहा घेऊन बसलेल्या गर्दीत अर्धे कलाकार असतात, उरलेले अर्धे होऊ घातलेले. डोंबिवलीकराला मात्र तिथून परतणं म्हणजे एक वेगळं नाटक आहे, म्हणून मी वर्षातून दोनदाच जाते.

(नाट्यगृहाबाहेर, रात्रीचे अकरा. शटर खाली ओढल्याचा आवाज.)

आता माझी खरी तक्रार. मराठी नाटक अकराच्या सुमाराला सुटतं, आणि मराठी उपाहारगृह त्याआधीच खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवतं. अडीच तास हसून, रडून, टाळ्या वाजवून बाहेर आलेल्या सात-आठशे भुकेल्या माणसांसाठी दादरला थालीपीठाची एक खिडकी उघडी असू नये? सरकारनं 2020 च्या जानेवारीत मुंबईतल्या अनिवासी भागातली दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली होती. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. पण ती आली नसती तरी आमच्या पियूषवाल्यानं रात्री बाराला पियूष दिलं असतं, असं मला वाटत नाही. आपल्याकडे रात्री जेवणं म्हणजे घरी जाऊन झाकून ठेवलेलं ताट गरम करणं.

घरी झाकलेलं ताट नसेल, तर गाडी पकडायची. पण घराच्या दिशेची नाही, उलट्या.

(लोकलची खिडकी. परळ, करी रोड, चिंचपोकळी. अंधारात एखादी जुनी चिमणी, मागे काचेचे टॉवर.)

दादरहून सीएसएमटीकडे जाणारी स्लो गाडी. आता भुयारी मेट्रोही दादरहून थेट गिरगाव, काळबादेवीला नेते, पण एवढ्या उशिरा मी लोकलवरच भरवसा ठेवते. रात्री बायकांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. सव्वाअकराला त्या डब्यात निम्म्या बायका कामावरून परतणाऱ्या असतात, आणि त्यांच्यामध्ये बसलं की भीती कमी, झोप जास्त येते.

हे गिरणगाव. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हळूहळू भोंगे थांबले. त्या गिरण्यांच्या आवारात आता पब आहेत. भाचीला तिथेही नेलं होतं, नंतरच्या एका शनिवारी. संगीत छातीत वाजत होतं, आणि एका पेल्याच्या किमतीत बाल्कनीची चार तिकिटं आली असती. ती खूष होती, मी कंटाळले होते. वयाचा प्रश्न, दुसरं काही नाही. फक्त एक सांगते. अशा जागी आत शिरताना बाहेर पडायचा दुसरा रस्ता आधी बघून ठेवा. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 माणसं गेली.

या भागाची आधीची रात्र खाणावळीची होती. कोकण-घाटावरून एकटे आलेले कामगार पाळीप्रमाणे जेवायचे, आणि त्यांना दहा बाय दहाच्या खोलीत स्वयंपाक करून वाढणाऱ्या बायका होत्या. त्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 'मुंबईत बाहेर खाणं' या गोष्टीचा इतिहास लिहायला घेतला, तर पहिलं पान इराणी हॉटेलांइतकंच या बायकांचंही असायला हवं.

(सँडहर्स्ट रोड स्टेशन. मग भेंडीबाजार, तव्यांची वाफ, हिरवे दिवे.)

सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि चालत भेंडीबाजार. रमजानमध्ये गर्दीच तुम्हाला उचलून मिनारा मशिदीपर्यंत नेते. तिथे 'सुलेमान उस्मान'ची फिरनी, मातीच्या पसरट वाटीत लावलेली, आणि मालपुवा. मालपुवा दोघांत एक घ्या. मी एकटीनं संपवला होता, दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यावी लागली.

रमजान नसेल तर 'नूर मोहम्मदी'ची नळी निहारी. चित्रकार एम. एफ. हुसेन इथे जेवायला यायचे, आणि त्यांनी हॉटेलला स्वतःचं चित्रही दिलं. निहारी हा शब्द 'नहार'वरून आलाय. नहार म्हणजे सकाळ. रात्रभर मंद आचेवर शिजवायचं आणि पहाटे खायचं, असा मूळचा बेत. आम्ही ते रात्री साडेअकराला खातो. सावजीचं मटण खाणारी माझी भाची पहिल्या घासाला गप्प झाली. नंतर नळी ताटावर आपटत म्हणाली, "हां, हे जमलं." इथेच बोहरी मोहल्ल्यात 'ताज'चं आइस्क्रीम आहे, हातानं फिरवलेल्या संच्यातलं. सीताफळाचा हंगाम असेल तर दुसरा विचार करू नका. सोबतचं माणूस शाकाहारी असेल, तर भेंडीबाजाराऐवजी ताडदेवला जा, 'सरदार'ची पावभाजी. तिच्यावरच्या लोण्याचा हिशेब डॉक्टरांना सांगू नका.

आणि हो, याच वस्तीच्या नावानं गाण्याचं एक घराणं आहे. छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे राहायला आले आणि त्यांची गायकी भेंडीबाजार घराणं म्हणून ओळखली गेली. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरांनी तालीम घेतली. आज त्या गल्ल्यांतल्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. तानपुरा मला कधी ऐकू आला नाही, पण निहारी खाताना हे माहीत असलं की चव बदलते, एवढं खरं.

गाण्याची रात्र तशी आपण गमावलीच आहे. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि मोकळ्या मैदानात रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाला. वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सवलत असते. बंदिस्त नाट्यगृहाला हे बंधन नाही, पण तिथे शेवटच्या गाडीचं आहे. मालकंस, दरबारी असे रात्रीचे राग घड्याळ बघत उरकावे लागतात. झोपणाऱ्यांच्या बाजूनं नियम बरोबर आहे, हेही कबूल करते. संगीत नाटकं एके काळी रात्रभर रंगायची. वन्समोअरवर वन्समोअर घेत पहाट व्हायची, आणि प्रेक्षक कोंबड्याच्या आरवण्याबरोबर घरी जायचे. हे मी भाचीला मोहम्मद अली रोडवरून चालता चालता सांगत होते. फार रंगून सांगत होते.

(सीएसएमटी. रिकामा फलाट. गाडीचा लाल दिवा दूर जाताना.)

आणि शेवटची गाडी गेली.

आता माझी शिफारस ऐका. गाडी चुकली तर टॅक्सीवर पैसे उधळू नका. आम्ही दोघी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो. सायकलवर चहाची टाकी लावून फिरणारे चहावाले तिथे येतात, त्यातल्या एकाकडून तीनदा चहा घेतला. वारा होता. भाचीनं मला तिच्या ऑफिसातल्या एका मुलाबद्दल सांगितलं, जे तिनं घरी सांगितलेलं नाही, म्हणून मीही सांगणार नाही.

चारनंतरच्या गाडीनं पुन्हा दादर.

(दादरचं फूल मार्केट. पिवळे दिवे, झेंडूच्या गोण्या, ओले फुटपाथ.)

या वेळी इथे शहर आधीच जागं असतं. झेंडू, शेवंती, निशिगंध, सगळं वजनावर. पाय ठेवायला जागा नाही, आणि 'चला, बाजूला, बाजूला' करत डोक्यावरून पाट्या जातात. भाचीच्या केसांत काल संध्याकाळचा गजरा सुकून काळा पडला होता. फुलवाल्या मावशींनी तो बघितला.

"कुठून आलात एवढ्या पहाटे?"

"नाटकाला गेलो होतो," भाची म्हणाली.

"पहाटेपर्यंत कुठलं नाटक चालतं गं बाई?"

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मावशींनी तराजूत शेवंती टाकली. "पाव देऊ का अर्धा?"