चार मीटरमध्ये बसणारं कुटुंब

(दृश्य: सकाळची पाळी. त्र्यंबक रोडवर कंपनीच्या बसेस.)

ज्या रस्त्याने भाविक त्र्यंबकेश्वरला जातात, त्याच रस्त्याने नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या भरतात. इथे बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे भाग बनतात. कंपनीचं जुनं नाव मायको. ते बदललं, चौक मात्र अजून मायको सर्कलच. याच वसाहतीत महिंद्राचा कारखाना आहे. बायकापोरांना, आईवडिलांना घेऊन फिरायची गाडी कशी बदलत गेली, ते इथे नीट दिसतं.

(दृश्य: जुनी स्कॉर्पिओ, सप्तशृंगी गडाचा घाट.)

२००२ साली महिंद्राची स्कॉर्पिओ आली. कंपनीतले अभियंते पवन गोयंका यांच्या नेतृत्वाखालच्या संघाने केलेली ही गाडी. खाली लोखंडी चेसी, वर बसवलेली बॉडी. म्हणजे घराणं जीपचंच, अंगावर कपडे शहरी. गडावर जायला भरभक्कम. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर पोरं खूश. पण वळणावर गाडी डुलायची आणि आजीला चढताना कोणीतरी हात द्यावा लागायचा.

(दृश्य: वेल्डिंग शॉप, ठिणग्या.)

२००७ साली याच नाशिकमधून रेनोबरोबरच्या भागीदारीतली लोगन बाहेर पडली. तिला वेगळी चेसी नव्हतीच. दाबून आकार दिलेले पत्रे जागोजागी वेल्ड करून जो सांगाडा बनतो, तोच गाडीचा कणा. याला म्हणतात मोनोकॉक. वजन कमी, पाय ठेवायची फरशी खाली, आणि धडक बसली की पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळून धक्क्याचा जोर गिळतो. लोगन दिसायला ठोकळा होती, हे मान्य. तिची खरी कदर टॅक्सीवाल्यांनी केली. तरी आमच्या मते आजच्या क्रॉसओव्हरचं माहेर जीपपेक्षा या सेदानकडे जास्त आहे. कारण क्रॉसओव्हर म्हणजे एसयूव्हीची उंची आणि खाली साध्या मोटारीचा सांगाडा.

महिंद्राची पहिली मोनोकॉक एसयूव्ही, एक्सयूव्ही ५००, २०११ साली चाकणला बनली. नाशिकची गोष्ट मात्र वेगळ्याच वळणाने गेली, आणि ते वळण दिल्लीत ठरलं होतं.

२००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिनही लहान. मग काय, कात्री निघाली! महिंद्राच्याच झायलो या मोठ्या गाडीची मागची बाजू छाटून २०१२ मध्ये क्वांटो. लोगनची झाली होती व्हेरिटो. तिची डिकी छाटून २०१३ मध्ये व्हाइब. दोन्ही गाड्या मागून पाहिल्या की कापाकापी लपत नव्हती.

(दृश्य: एक्सयूव्ही ३००, बाजूने. पडद्यावर लांबीची रेघ.)

तिसऱ्यांदा हात बसला. तेव्हा महिंद्राच्या ताब्यात असलेल्या कोरियातल्या सँगयाँग कंपनीची टिवोली ही गाडी सुमारे ४.२ मीटर लांब. तिच्यावरून फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेली एक्सयूव्ही ३०० भरली ३,९९५ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तेवढंच ठेवलं, २,६०० मिलिमीटर. म्हणून आत पाय पसरायला जागा उरली. किंमत मोजली डिकीने: २५७ लिटर. मागच्या सीटवर तिघं आरामात, पण लग्नाला निघालेल्या घराच्या बॅगा? त्या मांडीवर. जानेवारी २०२० मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, मुलांसाठी चार.

मग २०२३ साली गंमत झाली. त्याच सांगाड्यावर विजेवरची एक्सयूव्ही ४०० आली. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के, लांबी कितीही असो. छाटलेली शेपटी लगेच परत उगवली: लांबी ४.२ मीटर, डिकी ३७८ लिटर.

एप्रिल २०२४ मध्ये एक्सयूव्ही ३०० ची जागा थ्रीएक्सओने घेतली. गाडी स्वतः ब्रेक मारू शकते, छतभर काच आहे. (नाशिकच्या मे महिन्यात ती कोण उघडणार, देव जाणे.)

(दृश्य: असेंब्ली लाइन. मोजपट्टी.)

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. छोट्या गाडीला १८ टक्के, मोठीला ४०. छोटीची व्याख्या मात्र तीच: पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसी, लांबी चार मीटर. थ्रीएक्सओ आहे ३,९९० मिलिमीटर. पुढच्या पिढीच्या डिकीसाठी लांबीत उरले आहेत दहा मिलिमीटर.