जे मोजलं ते वाढलं: लाकोन मेंढीच्या दुधाची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

मेंढीचं दूध म्हटलं की आपल्याकडे ते कोकराच्या वाट्याचं. दक्षिण फ्रान्सच्या आवेरों भागात मात्र मेंढ्या दुधासाठीच पाळतात. तिथल्या रोकफोर चीजला १९२५ साली कायद्याचं संरक्षण मिळालं आणि आजच्या नियमानुसार ते फक्त लाकोन जातीच्या मेंढीच्या कच्च्या दुधापासूनच करावं लागतं. १९६० च्या सुमारास ही मेंढी एका वेताला जेमतेम ८० ते १०० लिटर दूध द्यायची. आज नोंदणीतल्या कळपांत हा आकडा ३०० लिटरच्या आसपास आहे. खुराक आणि गोठा सुधारला, हे खरंच. पण एवढी वाढ नुसत्या खुराकानं होत नाही. त्यामागे साठेक वर्षांची निवड आहे, आणि निवडीमागे दुधाची वही.

आता दूध मोजायचं कसं? शेकडो मेंढ्यांचं दोन्ही वेळचं दूध मोजणं परवडत नाही. म्हणून महिन्यातून एक दिवस, तोही एकाच धारेचं, प्रत्येक मेंढीचं दूध मोजतात आणि त्या दिवसाचं टाकीतलं एकूण दूध लिहून ठेवतात. समजा सकाळी सगळ्या मेंढ्यांचं मिळून २२० लिटर भरलं आणि दिवसभराचं ४०० लिटर झालं. ४०० ला २२० नं भागलं की १.८२ येतात. मग सकाळी १.१ लिटर देणारी मेंढी दिवसाला २ लिटरची धरायची. मोजणी कोकरू तोडल्यावरच सुरू होते, म्हणजे व्यायल्यानंतर महिनाभरानं. कोकरू पीत असताना मोजलेला आकडा काही कामाचा नसतो. शिवाय तुलना त्याच कळपातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच वेताच्या मेंढ्यांशीच. पहिलटकरीण तिसऱ्या वेताच्या मेंढीशेजारी उभी केली, तर चांगली मेंढी हकनाक बाजारात जाते.

एक हिशेब नीट ऐका. दुधाचा आनुवंशिक वाटा साधारण तीस टक्के असतो. मेंढी कळपाच्या सरासरीपेक्षा ६० लिटर जास्त देत असेल, तर त्यातले १८ लिटरच रक्ताचे. बाकी चारा, हवामान, नशीब. त्या १८ मधले निम्मे, म्हणजे ९ लिटर, लेकीकडे जातात. म्हणून एकेक मेंढी निवडून काम फार सावकाश होतं. मेंढा मात्र शेकडो लेकींचा बाप होतो, पण तो स्वतः दूध देत नाही. त्याची पारख त्याच्या लेकींच्या पहिल्या वेतावरूनच करावी लागे आणि त्यात अडीच-तीन वर्षं जात. २०१५ पासून लाकोनमध्ये कोवळ्या मेंढ्याच्या रक्ताच्या नमुन्यातून जनुकं वाचून अंदाज बांधतात, म्हणून ती वाट पाहणं बरंच वाचलं.

कृत्रिम रेतनात खरी अडचण मेंढीच्या गर्भाशयाच्या मुखाची. ते इतकं वेडंवाकडं असतं की नळी आत सरकतच नाही, वीर्य तोंडाशीच सोडावं लागतं. त्यामुळे गोठवलेलं वीर्य फारसं लागू पडत नाही. ताजं वीर्य १५ अंश तापमानाला ठेवून आठ-दहा तासांत वापरतात. त्यासाठी सगळा कळप एकदम माजावर आणावा लागतो. संप्रेरकाचा स्पंज १४ दिवस योनीत ठेवायचा, काढताना पीएमएसजीचं, म्हणजे गाभण घोडीच्या रक्तातून काढलेल्या संप्रेरकाचं, इंजेक्शन द्यायचं आणि ५५ तासांनी रेतन करायचं. दरवर्षी तेच इंजेक्शन घेतलेल्या काही मेंढ्यांच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. त्या उशिरा माजावर येतात आणि ठरलेल्या वेळी रेतन करूनही फळत नाहीत.

नुसत्या दुधाच्या मागे लागल्याची किंमतही मोजावी लागते. दूध वाढलं की फॅट आणि प्रथिनं उतरतात, आणि चीज तर त्यांचंच होतं. एक किलो रोकफोरला साडेचार लिटरच्या आसपास दूध लागतं. म्हणून १९८० च्या दशकात फॅट आणि प्रथिनं निवडीत आली. पुढे कासेचा प्रश्न उभा राहिला. जास्त दुधाच्या मेंढ्यांची कास खाली लोंबते, सड बाजूला, जवळजवळ आडवे होतात. सडाच्या पातळीखालचं दूध यंत्राला निघत नाही. कास हातानं उचलून धरावी लागते. दूध आत राहिलं की कासदाह आलाच. लाकोनमध्ये तर एका जनुकाचं असं रूप सापडलं की त्यानं दूध वाढतं आणि कासदाहाचा धोकाही वाढतो. दुधाच्या आकड्यावरून निवडणारा माणूस ते रूप आपल्याच हातानं कळपात पसरवतो. २००५ च्या सुमारास तिथं सडाचा कोन, कासेची खोली आणि दुधातल्या सोमॅटिक पेशी (कास सुजली की या वाढतात) यांना मिळून निवडीच्या गुणांकनात निम्मा वाटा दिला गेला. माझ्या मते हे वीसेक वर्षं आधी व्हायला हवं होतं.

आपल्या दख्खनी मेंढीची धार कुणी बाजारासाठी काढत नाही. पण फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं. जुळी झाली की आईचं दूध पुरतं का, हा प्रश्न येतोच. तेव्हा कोकराचं वजन जन्मताना आणि तिसाव्या दिवशी करा. साधा ताणकाटा पुरतो. एक किलो वाढीला साधारण पाच लिटर दूध लागतं. कोकरू २.८ किलोचं ७.३ झालं, म्हणजे साडेचार किलो वाढलं; आईनं दिवसाला पाऊण लिटर दूध दिलं असं धरा. जुळ्यांची वाढ एकत्र मोजा आणि जुळ्यांच्या आईची तुलना जुळ्यांच्याच आईशी करा. वाड्यावर दुसऱ्या मेंढीचं दूध चोरून पिणारं कोकरू असतंच, त्याचं वजन हिशेबात धरू नका.

पैदाशीचा मेंढा ठेवताना त्याच्या आईची कास व्यायल्यावर हातानं चाचपून बघा. दोन्ही भाग सारखे, मऊ, गाठी नसलेले आणि सड खाली तोंड केलेले हवेत. आणि त्याच्या लेकी माजावर यायच्या आत तो मेंढा दुसऱ्या कळपातल्या मेंढ्याशी बदला.